घरचं फायबर आणि ऑनलाइन गेम: ३०० एमबीपीएस घेऊनही लॅग का येतो

ब्रॉडबँडच्या पोस्टरवर एमबीपीएस मोठ्या अक्षरांत असतात, पिंग कुठेच लिहिलेलं नसतं. ऑनलाइन गेम मात्र पिंगवर चालतो. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ किंवा बीजीएमआय खेळताना तासाला फार तर काहीशे एमबी डेटा जातो, म्हणजे १ एमबीपीएसची लाईनसुद्धा पुरते. गरज असते ती तीन गोष्टींची. पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला कमी वेळ लागला पाहिजे (पिंग), तो वेळ दर खेपेला जवळपास सारखा असला पाहिजे (त्यातल्या चढउताराला जिटर म्हणतात), आणि पॅकेट वाटेत हरवता कामा नये (पॅकेट लॉस). मोठे आकडे उपयोगी पडतात ते ८० जीबीचा गेम उतरवताना. प्रत्यक्ष खेळात १०० आणि ३०० एमबीपीएसच्या प्लॅनमध्ये काडीचा फरक पडत नाही. म्हणून केवळ गेमिंगसाठी वरचा प्लॅन घेणाऱ्याचे पैसे वाया जातात, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आधी आपल्या गावाला किती पिंग मिळू शकतं ते पाहू, म्हणजे अवास्तव अपेक्षा राहणार नाही. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो. म्हणजे दर १०० किलोमीटरला जाऊन-येऊन १ मिलिसेकंद. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ चे सर्व्हर मुंबईत आहेत. त्यामुळे मुंबई-ठाण्यात ३ ते ८, पुणे-नाशिकला ६ ते १२, कोल्हापूर आणि छत्रपती संभाजीनगरला १० ते १८, पणजीला १२ ते २२, नागपूरला १८ ते २८ मिलिसेकंद दिसलं तर लाईन उत्तम समजावी. नागपूरच्या माणसाला ५ चं पिंग कोणीही देऊ शकणार नाही, मुंबई ८०० किलोमीटरवर आहे. ज्या गेमचा सर्व्हर सिंगापूरला आहे, तिथे मुंबईतूनही ५५-६५ च्या खाली येणं कठीण. त्यासाठी प्लॅन बदलून काही होत नाही.

खरा घोळ रस्त्याचा असतो. पुण्यात बसून मुंबईच्या सर्व्हरवर ६५ पिंग येत असेल, तर बहुतेक वेळा पॅकेट एका दिशेने सिंगापूरला वळसा घालून येतंय असं समजावं. १२० येत असेल तर वळसा दोन्ही दिशांना आहे. असं का होतं? तुमचा ऑपरेटर इंटरनेट आणखी वरच्या कंपनीकडून घाऊक विकत घेतो. ती कंपनी आणि गेमचं नेटवर्क मुंबईत एकमेकांना जोडलेलं नसेल, तर दोघांची गाठ जिथे पडते तिथपर्यंत पॅकेटला जावं लागतं. हे टाळण्यासाठीच इंटरनेट एक्स्चेंज असतात, म्हणजे वेगवेगळी नेटवर्क एकमेकांना थेट जोडण्याच्या जागा. सरकारी पुढाकाराने उभं राहिलेलं निक्सी २००३ पासून चालू आहे, मुंबईत डी-सीआयएक्स आणि एक्स्ट्रीम आयएक्ससारखी खाजगी एक्स्चेंजही आहेत. जो ऑपरेटर तिथे पोर्ट घेऊन बसलाय, त्याच्या ग्राहकाचं पिंग कमी येतं, मग तो ऑपरेटर लहान का असेना. नेटवर्कांच्या अशा थेट जोडणीला पीअरिंग म्हणतात. कनेक्शन घेताना विचारायचा पहिला प्रश्न हाच: 'तुमचं पीअरिंग मुंबईत कुठल्या एक्स्चेंजला आहे?' ज्याला हे माहीत असतं तो पटकन सांगतो. ज्याला प्रश्नच कळत नाही, त्याच्याकडे आधी महिन्याचाच प्लॅन घ्यावा.

आता सेवांकडे वळू. महाराष्ट्रात घराघरात सध्या चार प्रकारचं इंटरनेट मिळतं.

मोठ्या कंपन्यांचं फायबर, म्हणजे जिओ आणि एअरटेल. जिओफायबर ५ सप्टेंबर २०१९ ला व्यावसायिक पातळीवर सुरू झालं आणि वर्षभरात ३९९ रुपयांना ३० एमबीपीएसचा प्लॅन आला. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून महिन्याला ४७१ रुपये पडतात. तंत्र जीपॉनचं, म्हणजे कंपनीच्या केंद्रापासून घरापर्यंत वाटेत कुठेही वीज लागत नाही, फक्त एक तार अनेक घरांत वाटणारे काचेचे स्प्लिटर असतात. म्हणून लाईन स्थिर असते आणि जिटर कमी. यांच्या गैरसोयी दोन. एक, घरगुती ग्राहकाला बहुधा स्वतःचा पब्लिक आयपी (इंटरनेटवरचा स्वतंत्र पत्ता) मिळत नाही, शेकडो घरं एकाच पत्त्यामागे असतात (त्याबद्दल पुढे). दुसरी, कॉल सेंटरला पिंगची तक्रार समजावून सांगणं महाकठीण. 'स्पीड टेस्ट केलीत का?' यापलीकडे गाडी जात नाही. तरीही, चांगला स्थानिक ऑपरेटर जवळ नसेल, तर रँक्ड मॅच नियमित खेळणाऱ्याने पहिली चाचणी इथेच करावी.

स्थानिक ऑपरेटर. केबलवाल्याने पुढे नेट सुरू केलं, असा बहुतेकांचा प्रवास. चांगला स्थानिक ऑपरेटर हा गेमिंगसाठी सगळ्यात उत्तम पर्याय ठरतो. तो मुंबईच्या एक्स्चेंजला बसलेला असतो, २०० ते ४०० रुपयांत पब्लिक स्टॅटिक (न बदलणारा) आयपी देतो, आणि लाईन तुटली तर त्याचा पोरगा तासाभरात शिडी घेऊन हजर होतो. वाईट स्थानिक ऑपरेटर तितकाच त्रासदायक. त्याची खूण इमारतीच्या गच्चीवर दिसते: पत्र्याचा डबा, आत स्विच आणि मीडिया कन्व्हर्टर (फायबरला तांब्याची तार जोडणारी डबी), आणि या इमारतीवरून त्या इमारतीवर ओढलेली कॅट-५ किंवा कॅट-६ तांब्याची केबल. अशा जाळ्यात मधल्या एका इमारतीची वीज गेली की पुढच्या चार इमारतींचं नेट जातं, तुमच्याकडे इन्व्हर्टर असला तरी. जूनच्या पहिल्या विजांच्या पावसात या तांब्याच्या केबलीतून सर्ज (विजेचा झटका) येतो आणि स्विचचे पोर्ट, कधी तुमच्या राउटरचा वॅन पोर्टही (बाहेरची तार लागते तो) जळतो. म्हणून घरात येणारी तार कोणती, हे कनेक्शन घेण्याआधी गच्चीवर जाऊन डोळ्यांनी पाहावं. निळी-करडी जाड केबल आणि आरजे-४५ ची पिन दिसली तर सावध राहा. पातळ तार आणि हिरव्या टोकाचं एससी-एपीसी कनेक्टर दिसलं तर फायबर थेट घरात येतंय.

बीएसएनएलचं फायबर बहुतेक ठिकाणी स्थानिक भागीदार चालवतो. बिल बीएसएनएलचं, तार ओढणारा आणि जोडणारा माणूस त्या भागीदाराचा. त्यामुळे एका तालुक्यात सेवा अप्रतिम आणि शेजारच्या तालुक्यात रखडलेली, असं होऊ शकतं. जिथे दुसरं कुणी पोचलेलंच नाही अशा कोकणातल्या आणि मराठवाड्यातल्या गावांत मात्र याला पर्याय नाही. भागीदार कोण आहे आणि गावातल्या आणखी चार घरांचा अनुभव काय, एवढं विचारून निर्णय घ्यावा.

चौथा प्रकार एअरफायबर. एअरटेलने ऑगस्ट २०२३ मध्ये दिल्ली-मुंबईत आणि जिओने सप्टेंबर २०२३ मध्ये पुण्या-मुंबईसह आठ शहरांत तो आणला. नावात फायबर असलं तरी हे ५जी आहे: गच्चीवर किंवा खिडकीबाहेर रिसीव्हर आणि घरात राउटर. सिनेमा, ऑनलाइन वर्ग, घरून काम यासाठी उत्तम. गेमिंगसाठी शेवटचा पर्याय. रेडिओवर पॅकेटला आपल्या पाळीची वाट पाहावी लागते, आणि संध्याकाळी त्याच टॉवरवर मोबाइलवाल्यांची गर्दी वाढली की पिंग २५ वरून ६० आणि परत, असं झोके घेतं. सरासरी चांगली दिसते, पण नेम लावताना नेमका झोका येतो.

कोणतीही सेवा घेतली तरी सहा किंवा बारा महिन्यांचे पैसे एकदम भरू नयेत. पहिला महिना घ्यावा आणि रात्री ९ ते ११ या वेळेत चाचणी करावी. दुपारची चाचणी काही सांगत नाही, कारण एकाच जीपॉन पोर्टवर साधारण ३२ घरं असतात आणि सगळ्यांना मिळून खाली येणारी क्षमता २.४८८ जीबीपीएस, वर जाणारी १.२४४ जीबीपीएस. ३२ घरांनी एकदम १०० एमबीपीएस ओढलं तर ३.२ जीबीपीएस होतात, म्हणजे क्षमतेबाहेर. दुपारी ही गर्दी नसते. रात्री असते.

चाचणी अशी. कॉम्प्युटर केबलने राउटरला जोडा, वायफायवर नको. कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरच्या पत्त्याला (बहुधा १९२.१६८.१.१) सतत पिंग लावा, दुसरीत ८.८.८.८ ला (हा गूगलचा सर्व्हर). दहा मिनिटं चालू द्या. राउटरचं पिंग १ मिलिसेकंदाच्या आसपास आणि बाहेरचं उड्या मारत असेल, तर दोष ऑपरेटरकडे. राउटरचंच पिंग ५, ३०, ९० असं जात असेल, तर दोष घरात, ऑपरेटरला फोन करण्यात अर्थ नाही. पाचशे पॅकेटमध्ये पाचपेक्षा जास्त हरवली तर १ टक्क्याच्या वर पॅकेट लॉस झाला. दूरसंचार नियामक ट्रायने २००६ मध्येच ब्रॉडबँडसाठी १ टक्क्याची मर्यादा घातली होती, ती तक्रारीत लिहावी. मग गेमच्या सर्व्हरला ट्रेस रूट (पॅकेटच्या वाटेतला प्रत्येक राउटर दाखवणारी कमांड) लावा आणि प्रत्येक टप्प्याचा वेळ पाहा. ८, ९, ११ आणि मग एकदम ६४, अशी उडी जिथे दिसते तिथून पॅकेट देशाबाहेर गेलं. मधल्याच एका टप्प्यावर मोठा आकडा आणि पुढच्यावर पुन्हा लहान, असं असेल तर घाबरू नका. तो राउटर पिंगला उत्तर द्यायला आळस करतो, एवढंच.

अजून एक चाचणी फार कमी लोक करतात आणि ती सगळ्यात बोलकी असते. बाहेरचं पिंग चालू ठेवून दुसऱ्या फोनवरून मोठा व्हिडिओ गूगल ड्राइव्हवर चढवा. पिंग ८ वरून १५० किंवा ३०० वर गेलं तर लाईनवर बफरब्लोट आहे. राउटरमध्ये पॅकेटांची रांग लागते आणि गेमचं चिमुकलं पॅकेट व्हिडिओच्या मागे उभं राहतं. 'आई रील बघायला लागली की लॅग येतो' या तक्रारीचं मूळ बहुतेकदा हेच. उपाय पैसे खर्चून वरचा प्लॅन घेणं नाही. राउटरमध्ये एसक्यूएम किंवा स्मार्ट क्यूची (रांग आखूड ठेवण्याची) सोय असेल तर ती चालू करून, प्रत्यक्ष मोजलेल्या वेगाच्या ८५-९० टक्के आकडा अपलोड आणि डाउनलोड दोन्हीला टाका. १०० एमबीपीएसच्या लाईनवर ८८ टाकलं की थोडा वेग जातो, पण व्हिडिओ चढत असतानाही पिंग १५ च्या आत राहतं. ओपनडब्ल्यूआरटी ही मुक्त प्रणाली चालणारा राउटर असेल तर त्यातलं केक नावाचं एसक्यूएम सगळ्यात चांगलं. कंपनीने दिलेल्या राउटरमध्ये बहुधा ही सोय नसते. मग त्याला ब्रिज मोडमध्ये टाकून (म्हणजे तो फक्त लाईन पुढे देतो) मागे स्वतःचा राउटर लावावा लागतो.

फायबरच्या तारेकडेही एकदा नीट पाहा. राउटरच्या पानावर ऑप्टिकल पॉवर किंवा आरएक्स पॉवर नावाचा आकडा असतो. तो घरापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद डीबीएममध्ये सांगतो. उणे १५ ते उणे २४ डीबीएम चांगला. उणे २७ च्या पलीकडे लाईन तग धरत नाही: लाल एलओएस दिवा लुकलुकतो, नेट दर तासाला पडतं आणि पॅकेट लॉस सुरू होतो. ३२ घरांच्या स्प्लिटरमध्येच साधारण १७ डीबी जातात, म्हणून पुढे उधळायला फार शिल्लक राहत नाही. मशीनने केलेल्या स्प्लायसिंगमध्ये (तारा वितळवून जोडण्यात) ०.१ डीबीसुद्धा जात नाही, पण घाईत हाताने बसवलेल्या फास्ट कनेक्टरमध्ये अर्धा डीबी सहज जातो. हिरवं टोक शर्टाला पुसून खोचलं तर काचेवर धूळ घासली जाते. ते आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या वाइपनेच पुसायला हवं, माणूस समोर असतानाच तसं सांगा. आणि घरातला पॅच कॉर्ड, म्हणजे राउटरला जोडलेली फायबरची छोटी तार, पाहा. खिडकीच्या ग्रिलला काटकोनात वळवलेला, फ्रिजमागे दबलेला किंवा लाकडी पट्टीत खिळ्याने ठोकलेला कॉर्ड म्हणजे ४-५ डीबीचं नुकसान. तीन बोटं आत जातील एवढी गोलाई ठेवली की पुरतं. दोनशे रुपयांचा कॉर्ड बदलून सुटलेल्या तक्रारी फार आहेत.

वायफायवर खेळणं भाग असेल तर ५ गीगाहर्ट्झ बँड, आणि राउटर त्याच खोलीत. २.४ गीगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. चाळीस फ्लॅटच्या इमारतीत तिथे शांतता मिळणं शक्य नाही. पंधरा मीटर कॅट-६ केबल टाकणं हा त्याहून खात्रीचा मार्ग. केबल लावल्यावर कॉम्प्युटर १ जीबीपीएसऐवजी १०० एमबीपीएस दाखवत असेल, तर पिनमधल्या आठ तारांपैकी एखादी बसलेली नाही, पिन पुन्हा क्रिम्प करावी. स्वस्त राउटरचे सगळे पोर्ट गीगाबिट नसतात, तेही तपासा. भारनियमनाच्या भागात १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घ्या, मात्र अ‍ॅडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अ‍ॅम्पिअर जुळवूनच. ओएनटी (फायबर जिला जोडतात ती डबी) आणि राउटर वेगळे असतील तर दोन्ही त्यावर हवेत.

पब्लिक आयपीचं प्रकरण असं. राउटरच्या वॅन पानावरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे, म्हणजे अनेक घरांच्या सामायिक पत्त्यामागे आहात. व्हॅलोरंटसारख्या कंपनीच्या सर्व्हरवर चालणाऱ्या गेमला याने काही होत नाही. पण मित्रांसाठी घरी माइनक्राफ्टचा सर्व्हर चालवायचा असेल, किंवा प्लेस्टेशनवर खेळाडू थेट एकमेकांना जोडणारा गेम असेल, तर अडतं. प्लेस्टेशनवर नॅट टाइप ३ दिसतो, पार्टीत आवाज येत नाही, लॉबी सापडत नाही. टाइप २ पुरेसा असतो. आधी राउटरच्या सेटिंगमध्ये यूपीएनपी आणि आयपीव्ही६ चालू करा. नाहीच जमलं तर स्टॅटिक आयपी मागा. 'गेमिंग प्लॅन' म्हणून जे विकलं जातं त्यात बहुतेकदा खरी उपयोगाची गोष्ट हीच असते. गेमच्या पॅकेटला रस्त्यात प्राधान्य देण्याचं आश्वासन कोणी देत असेल तर विश्वास ठेवू नका: २०१८ मध्ये केंद्राने नेट न्यूट्रॅलिटी मान्य केली, त्यानुसार एका प्रकारच्या मजकुराला मुद्दाम जास्त वेग देणं परवान्याच्या अटींत बसत नाही. चांगलं पीअरिंग उभं करणं मात्र पूर्ण वैध आहे, आणि पैसे त्यासाठी द्यावेत.

हे सगळं इतक्या स्वस्तात मिळतंय याचं श्रेय खुल्या बाजाराला द्यायलाच हवं. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने सामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं तेव्हा दुकान एकच होतं. नोव्हेंबर १९९८ मध्ये खाजगी कंपन्यांना दार उघडलं, २००२ मध्ये परदेशी संपर्कावरची व्हीएसएनएलची मक्तेदारी संपली. दर ठरवण्याची मोकळीक कंपन्यांना आहे, आणि जिल्ह्यापुरता छोटा परवाना घेऊनही ऑपरेटर होता येतं. सांगलीचा केबलवाला देशभरातल्या कंपनीशी टक्कर देतो तो या धोरणामुळेच. सरकारी व्याख्येनुसार २००४ मध्ये २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणत, २०२३ पासून २ एमबीपीएसला म्हणतात. गेम खेळणाऱ्याला या व्याख्येचा काही उपयोग नाही, तिच्यात पिंग नाहीच.

पण ही स्पर्धा सोसायटीच्या फाटकाशी येऊन थांबते. २००४ मध्ये ट्रायने शिफारस केली होती की जुन्या सरकारी तांब्याच्या तारा इतर कंपन्यांनाही भाड्याने वापरू द्याव्यात. धोरणात ती बंधनकारक झाली नाही. त्यामुळे प्रत्येकाने आपापली तार ओढायची अशी पद्धत पडली, आणि खांबांवर जाळी झाली. नव्या टॉवरमध्ये तर बिल्डर किंवा कमिटी एकाच ऑपरेटरला डक्ट (इमारतीतली तारांची वाट) देऊन मोकळी होते, बाकीच्यांना शाफ्टमध्ये शिरू देत नाही. शहरात दहा कंपन्या असून तुमच्या मजल्यावर एकच पोचते. मग पिंग १२० असो की नेट दिवसातून चारदा पडो, ग्राहक जाणार कुठे? ट्रायने ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल कनेक्टिव्हिटीचं मानांकन देण्याचे नियम केलेत, पण मानांकन घेणं ऐच्छिक आहे. तोवर सर्वसाधारण सभेत ठराव करून किमान दोन ऑपरेटरांना डक्ट खुला करणं रहिवाशांच्याच हातात आहे. फ्लॅट बघायला जाताना पाण्याबरोबर हेही विचारावं: शाफ्टमध्ये फायबर कोणाकोणाचं आहे?

तक्रार करताना 'नेट स्लो आहे' असं सांगू नका, माणूस येईल, स्पीड टेस्ट दाखवेल आणि जाईल. दहा मिनिटांच्या पिंगचा फोटो, ट्रेस रूट, आरएक्स पॉवरचा आकडा आणि वेळ लिहून पाठवा आणि डॉकेट नंबर (तक्रार क्रमांक) घ्या. समाधान झालं नाही तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं, त्याने ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. ट्राय वैयक्तिक तक्रारी हाताळत नाही, तिथे लिहिण्यात वेळ घालवू नये. ग्राहक आयोगाचा रस्ता मात्र खुला आहे. दूरसंचार सेवेच्या तक्रारी तिथे चालतात हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. त्याआधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पाहावी.

आमची पसंती: मुंबईत पीअरिंग असलेला, घरापर्यंत फायबर आणणारा स्थानिक ऑपरेटर मिळाला तर तो पहिला, १०० एमबीपीएसचा प्लॅन आणि गरज असेल तरच स्टॅटिक आयपी. तसा नसेल तर मोठ्या कंपनीचं फायबर. बीएसएनएल भागीदाराची चौकशी करून. एअरफायबर, तार पोचतच नसेल तेव्हा.